फुलर पिल्च आणि सरासरीचा भ्रम

आधुनिक फलंदाजीचा आरंभ डब्ल्यू. जी. ग्रेसपासून होतो आणि त्यापूर्वीची इंग्लिश कौंटी फलंदाजी ही केवळ चाचपड होती, असे मत क्रिकेटच्या इतिहासलेखनात रूढ झाले आहे. रणजितसिंहजींनी १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ज्युबिली बुक ऑफ क्रिकेट’ या ग्रंथात फलंदाजीला शास्त्राचे रूप दिल्याचे श्रेय ग्रेसला दिल्यामुळे या मताला वजनही आले. ते जसेच्या तसे स्वीकारले, तर नॉरफोक आणि केंट या कौंट्यांकडून खेळलेल्या फुलर पिल्चची (१८०४–१८७०) कीर्ती ही जुन्या प्रेक्षकांच्या भाबड्या आठवणींची निर्मिती ठरते. म्हणून त्यामागील गृहीतके तपासणे अगत्याचे आहे.

पहिले गृहीतक आकड्यांचे आहे. पिल्चने प्रथम श्रेणीच्या २२९ सामन्यांत १८.६१ च्या सरासरीने ७,१४७ धावा केल्या आणि त्यांत शतके अवघी तीन, यावरून तो आजच्या तळाच्या फलंदाजाहून फारसा वरचढ नव्हता, असे अनुमान सहज निघते. परंतु सरासरी ही त्या त्या काळच्या खेळपट्टीशी आणि गोलंदाजीशी बांधलेली असते. पिल्च खेळला ती मैदाने ओबडधोबड असत, चेंडू कधी सरपटे तर कधी अंगावर उसळे, आणि पायांना पॅड बांधण्याची रीत अजून रुळलेली नव्हती. त्यातच कंबरेखालून चेंडू टाकण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी, हात बाजूने फिरवून चेंडू टाकणारी ‘राउंडआर्म’ गोलंदाजी पुढे आली. १८२८ मध्ये कोपराच्या आणि १८३५ मध्ये खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेण्यास नियमाने मुभा मिळाली. म्हणजे पिल्चच्या उमेदीच्या वर्षांतच गोलंदाजीचे स्वरूप पालटले. पिल्चची तुलना करायची ती त्याच्या समकालीनांशी: केंटचा विख्यात अष्टपैलू आल्फ्रेड मिन याची फलंदाजीची सरासरी सुमारे १३ होती. फेलिक्स या नावाने खेळणारा निकोलस वानोस्ट्रॉक्ट तेवढा पिल्चच्या जवळपास पोहोचतो, पण त्याचे सामने बरेच कमी आहेत. अशा काळात १८३४ साली यॉर्कशायरविरुद्ध पिल्चने केलेल्या नाबाद १५३ धावांचे मोल आजच्या तराजूत तोलता येणार नाही.

दुसरे गृहीतक नैतिक आहे. नॉरफोकमध्ये जन्मलेला पिल्च १८३० च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला १०० पौंड घेऊन केंटमधील टाउन मॉलिंग येथे गेला, म्हणून तो कौंटीचा खेळाडू नसून भाडोत्री होता, असे म्हणता येईल. तथापि, एका हंगामात एकाच कौंटीकडून खेळण्याचे आणि त्यासाठी जन्माचा किंवा वास्तव्याचा आधार असण्याचे नियम १८७३ मध्ये झाले. ते पिल्चला लावणे म्हणजे नंतरच्या कायद्याने आधीच्या माणसाला दोषी ठरवणे होय. शिवाय तो केंटमध्येच स्थायिक झाला, १८५४ पर्यंत खेळला आणि कँटरबरी येथेच वारला. शिंप्याचा व्यवसाय करणारा माणूस फलंदाजीच्या बळावर ठरीव वार्षिक वेतन मिळवतो, याचा खरा अर्थ असा, की प्रेक्षक आणि आश्रयदाते त्या कौशल्याची किंमत जाणत होते.

हे कौशल्य पुढच्या पायावरील खेळाचे होते. उंची आणि लांब पोच यांचा उपयोग करून, पुढे पाऊल टाकून, चेंडू टप्पा घेताच आणि उसळण्यापूर्वीच सरळ बॅटने दाबून टाकायचा, ही त्याची रीत ‘पिल्चचा पोक’ म्हणून ओळखली गेली. चेंडूची उसळी बेभरवशाची असेल, तर तिला वावच न देणे हा त्यावरचा तर्कशुद्ध उपाय होता. निरीक्षणातून नियम काढणे आणि तो सातत्याने आचरणे यालाच शास्त्र म्हणत असतील, तर ते ग्रेसच्या जन्माआधीच, म्हणजे १८४८ पूर्वीच, अस्तित्वात आले होते. पुढच्या आणि मागच्या पायावरील खेळाची सांगड घालून ग्रेसने ते शास्त्र परिपूर्ण केले, हे निर्विवाद. मात्र त्याने जोडलेल्या दोन अंगांपैकी एक पिल्चने आधीच सिद्ध केले होते, आणि म्हणून आधुनिक फलंदाजीच्या इतिहासात त्याचे स्थान पूर्वपीठिकेत नसून पहिल्या प्रकरणात आहे.