एक ब्रास हवा

मोकळा माल घ्यायचा तर माणसाजवळ दोन गोष्टी हव्यात, टेप आणि तोंड. आमच्या घरी टेप ह्यांच्याकडे असतो आणि तोंडाचं खातं माझ्याकडे आहे. एवढी जय्यत तयारी असूनही या आठवड्यात दारात आलेल्या एका छोट्या हत्तीत नक्की किती माल होता, याचा निकाल अजून लागलेला नाही.

प्रकरण आच्छादनाचं. ज्यांना बागेचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्च लागला की सांगलीची काळी माती भेगाळते; सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत कुठे गेलं ते कळत नाही. वाफ्यावर तीनेक इंच पाचट, पेंढा किंवा पालापाचोळा अंथरला की ऊन मातीला थेट लागत नाही, ओल टिकते, तणही दबतं. खोडाला मात्र ते चिकटू द्यायचं नाही, वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर बुंधा कुजतो. वर अंथरायचं, मातीत कालवायचं नाही, कारण पाचट कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात आणि रोपं पिवळी पडतात. वरून थोडा शेणकाला शिंपडला की झालं. वाळवीची भीती असेल तर मूठमूठ निंबोळी पेंड. पावसाळ्यात अधूनमधून कडा उचलून गोगलगायी वेचायच्या. संपलं शास्त्र.

आजवर हे सगळं फुकटात होत होतं. शेजारच्यांचा देशी बदाम दर वर्षी आमच्या अंगणात इतकी पानं टाकायचा, की मी त्याला नावं ठेवत ठेवत वाफे झाकून घ्यायची. यंदा त्यांनी दुसरी गाडी घेतली आणि ती उभी करायला बदाम तोडला. रोपवाटिकेत वाळलेली पानं पिशवीत मिळतात, पण त्या पिशवीचा भाव मी इथे लिहिणार नाही. लिहिला की ‘आम्हाला याहून स्वस्त मिळतं’ असे फोन येतात आणि कुठे मिळतं ते कुणी सांगत नाही.

तेव्हा एकदम टेम्पोभर घ्यायचं ठरलं. जुन्या वाचकांना आमचे हे ठाऊक आहेत. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, पण मोजमापातून झाले नाहीत. त्यांनी सगळे वाफे मोजले. क्षेत्रफळ चारशे चौरस फूट निघालं. त्यावर तीन इंचांचा थर म्हणजे शंभर घनफूट. शंभर घनफूट म्हणजे बरोब्बर एक ब्रास! आकडा असा गोल आलेला पाहून ह्यांचा चेहरा असा काही उजळला, की मुलाच्या दहावीच्या निकालालाही उजळला नव्हता. मग त्यांनी स्वतः शिरोळकडच्या एका पाचटवाल्याला फोन लावला.

‘‘एक ब्रास पाचटाची कुटी हवी.’’

‘‘ब्रास न्हाई माहीत, साहेब. छोटा हत्ती भरून देतो.’’

‘‘भरून म्हणजे किती?’’

‘‘भरून म्हंजे भरून.’’

यावर ह्यांना काही बोलता येईना. छत्तीस वर्षं निविदा वाचलेल्या माणसाला इतकं निःसंदिग्ध वाक्य कधी भेटलं नसावं.

छोटा हत्ती आला तो दुपारी दीडला, म्हणजे मी नुकती आडवी झाले असताना. वर हिरवं शेडनेट, त्यावर आडवा-उभा दोरखंड इतका करकचून बांधलेला, की आत पाचट आहे की कैदी, ते कळू नये. दोर सोडला तशी आंबूस-गोड वासाची एक वाफ आली. कुटीत कुठे कुठे उसाची वाढी होती, कुठे टिपराचा तुकडा, आणि त्या तुकड्यावर शिरोळहून फुकट प्रवास करून आलेले मुंगळे. मी एक मूठ उचलून पाहिली. उसाच्या पानाची कड पात्यासारखी असते हे मला ठाऊक होतं, माझ्या मनगटाला नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते मांजराने ओरबाडल्यासारखं लाल झालं.

ह्यांनी मात्र मालाला हात लावला नाही. टेप काढला. हौदा सात फूट लांब, पावणेपाच फूट रुंद. म्हणजे सव्वातेहतीस चौरस फूट. तीन फूट उंच भरलं असेल तर ब्रासला जेमतेम पाव घनफूट कमी, आणि तेवढं सोडून द्यायला आम्ही तयार होतो. टेप उभा धरला. उंची भरली दोन फूट.

‘‘एक तृतीयांश कमी आहे,’’ हे म्हणाले.

‘‘कमी कसलं, साहेब? भरताना तीन फूट हुतं. अंकलीच्या पुलापतोर हुतं. म्होरं रस्ता खराब. बसलं.’’

आणि खरी गंमत अशी, की तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. पाचट बसतंच. खड्ड्यात आपटून बसतं, दोराने आवळून बसतं. वाफ्यात टाकल्यावर पाण्याने बसतं, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर त्या तीन इंचांचा दीड इंच राहतो. मग ब्रास कुठला धरायचा, भरतानाचा की उतरतानाचा? हे म्हणाले, उतरतानाचा. ड्रायव्हर म्हणाला, भरतानाचा. मी म्हणाले, ऊन फार आहे, आधी पाणी प्या.

पाणी पिता पिता ह्यांनी त्याला वाळूचं उदाहरण दिलं. वाळूचं बरोबर उलटं असतं. किंचित ओली वाळू फुगते. तेवढ्याच दाण्यांना चतुर्थांश जास्त जागा लागू शकते. म्हणून बांधकामावर ओल्या वाळूचं माप घेताना फुगवटा वजा धरतात. ड्रायव्हरने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मग पुढच्या खेपेला ओलं करून आणू का?’’

तो गंमत करत नव्हता. त्याच क्षणी मला या धंद्याची मेख कळली. पाचट वजनावर घ्यावं तर पाण्याचे पैसे भरायचे, मापावर घ्यावं तर हवेचे. ज्याला फक्त पाचट हवं आहे, त्याच्यासाठी तिसरा काटा निघालेला नाही.

काट्यावरून आठवलं. आमच्या या पट्ट्यात ‘काटा’ हा शब्द जपून उच्चारावा लागतो. गाळप हंगाम सुरू झाला की काटामारीची ओरड होतेच. शेतकरी म्हणतो कारखान्याचा काटा मारतो, कारखाना म्हणतो काटा तपासून घ्या. बाहेरच्या काट्यावर वजन करून मग कारखान्यात गाडी न्यायची की नाही, यावरून आंदोलनं होतात. उसाच्या एकेका टनासाठी माणसं अशी जिवावर उदार होतात. पण त्याच उसाचं पाचट मोजायचं म्हटलं की सगळे अंदाजावर येतात. यंत्राने तोडलेल्या उसात पाचट जास्त येतं, म्हणून कारखाने वजनातून काही टक्के वजावट धरतात. प्रत्येक खेपेतलं पाचट वेगळं काढून कुणी तोलत बसत नाही; टक्केवारी ठरलेली. म्हणजे कारखान्यात पाचट शेतकऱ्याच्या नावावर अंदाजाने वजा होतं आणि माझ्या दारात माझ्या नावावर अंदाजाने जमा होतं. दोन्ही टोकांना अंदाज दुसऱ्याचा. आणि कोयत्याने तोडणारी जोडपी ते पाचट उसावरून हाताने सोलून काढतात, त्यांना मजुरी मिळते ती उसाच्या टनावर. सोललेल्या पाचटाचा हिशेब त्यांच्या वहीत नसतोच.

वाटलं होतं, निदान सरकार तरी नेमकं बोलत असेल. भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं यायला लागली आणि १९६२ पर्यंत शेर-मण व्यवहारातून कायद्याने हद्दपार झाले. लहानपणी दुकानातल्या नव्या वजनांविषयी आमची आजी ‘किलोत बरकत नाही’ असं म्हणायची. बरं, आता सगळं किलो, लिटर, मीटर. आणि महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये नवं वाळू धोरण आणलं तेव्हा भाव कसा जाहीर केला? सहाशे रुपये ब्रास! ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. फूट गेला म्हणून शाळेत शिकवायचं आणि वाळू फुटात विकायची. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहायचे आणि जमिनीचा सौदा गुंठ्यात करायचा.

बाजारात तर मापांचं वेगळंच राज्य आहे. कडबा शेकड्यावर, पण पेंढी केवढी ते बांधणाऱ्याच्या कवेवर. मासळी वाट्यावर. कोथिंबीर जुडीवर, श्रावणात जुडी मनगटाएवढी होते आणि मेमध्ये करंगळीएवढी, पण नाव जुडीच. भाव वाढला तर लोक ओरडतात, जुडी बारीक झाली तर फक्त बायका ओरडतात, आणि त्यांना कोण विचारतो! डबाबंद मालावर निदान निव्वळ वजन छापायची सक्ती आहे. मोकळ्या मालावर काय छापणार? तो डोळ्यानेच घ्यायचा. मला हरकत डोळ्याला नाहीच. डोळा नेहमी विकणाऱ्याचा असतो, त्याला आहे.

माझ्या आजोळी खळ्यावर ज्वारी मोजली जायची ती मी पाहिलेली आहे. मोजणारा अधोली भरायचा. दोन अधोल्यांची पायली. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन, चार. पण मोजणी सुरू होण्याआधी एक गोष्ट ठरायची, शीग की सपाट? शीग म्हणजे मापाच्या काठावर दाणे डोंगरासारखे उभे राहतील तेवढे घ्यायचे. सपाट म्हणजे काठावरून हात फिरवून पुसून टाकायचं. एकदा शीग ठरली की सबंध रास शिगेनेच मोजायची. आजोबा उकिडवे बसून बघायचे, घेणारा समोर बसून बघायचा, आणि मापाला धक्का लागला, शीग ढासळली, तर ते माप पुन्हा भरायचं. ती अधोली काही फार नेमकी नव्हती. पलीकडच्या गावची पायली वेगळी, त्याच्या पलीकडची आणखी वेगळी. भांडणंही व्हायची, आमचे आजोबा त्यात पुढे असत. पण घेणारा आणि देणारा एकाच राशीपुढे, एकाच वेळी बसलेले असत. आता माल भरतात शिरोळला, उतरतो सांगलीत आणि पैसे मोबाईलवरून आदल्या रात्रीच गेलेले असतात. शीग कुठे ढासळली म्हणायची? अंकलीच्या पुलावर.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘तुझ्या आजोबांच्या पायलीत किती लिटर बसायचं?’’ या माणसाबरोबर मी संसार केला आहे.

शेवटी तोडगा मीच काढला. पाचटवाल्याला फोन करून सांगितलं, बाबा रे, मला ब्रासही नको आणि छोटा हत्तीही नको. मला चारशे चौरस फूट वाफे झाकून हवे आहेत. तू ये, अंथर, मी बघते, आणि जेवढे वाफे झाकले तेवढ्याचे पैसे घे. रस्त्यात बसो, दोराने बसो, हवा निघो, मला घेणं नाही. त्याला हे चटकन पटलं. म्हणाला, ‘‘हे बरं हाय, काकू. वाफ्यावर देतो. पण साहेबांनी टेप काढायचा न्हाई.’’

मी कबूल झाले. व्यवहार तिथेच मिटला असता. पण ह्यांनी आतून विचारलं, की थर तीन इंचांचा म्हणजे पाणी मारायच्या आधी की नंतर? कारण मारल्यावर बसणार. आणि बसल्यावर तीन हवे असतील तर अंथरताना पाच लागतील. आणि पाच धरले तर चारशे चौरस फुटांना एक ब्रास पुरत नाही, पावणेदोन ब्रासच्या आसपास लागेल.

पाचटवाला फोनवर सगळं ऐकत होता. म्हणाला, ‘‘तुमचं ठरलं की कळवा.’’

आमचं अजून ठरलेलं नाही. दोन फूट उंचीच्या त्या मालात भाज्यांचे वाफे आणि मोगरा झाकून झाला. लिंबू आणि चिकू उघडेच आहेत. तेव्हा सांगली-मिरजेकडच्या वाचकांपैकी कुणाच्या दारी देशी बदाम असेल आणि पानांचा त्रास होत असेल, तर कळवा. मी स्वतः येऊन पोती भरून नेईन. हे घरी असतील.