‘तक्रार आढळली नाही’ असे लिहिणाऱ्यांना जाहीर इशारा

गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ रोजी, पुण्यातल्या ज्या शोरूमने माझ्या हाती नव्या गाडीची किल्ली दिली, त्या शोरूमच्या मालकांना आणि त्यांच्या वर्कशॉपच्या वर्क्स मॅनेजरना हा इशारा आहे. तुमचे नाव मी आज छापत नाही. ते जिल्हा ग्राहक आयोगाच्या कागदावर चढायचे की नाही, हे पुढच्या पंधरा दिवसांत तुम्ही काय करता यावर ठरेल.

गाडी सहा वेळा तुमच्याकडे आली. तक्रार सहाही वेळा एकच. चढ लागला की अचानक पिकअप जातो, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी तीसच्या वर जात नाही. बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केली की निघते, पुढच्या चढापर्यंत. आठ महिन्यांतले एकेचाळीस दिवस गाडी तुमच्या आवारात उभी होती. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून जात राहिला.

सातव्यांदा मी गाडी ‘एकदा दाखवायला’ आणणार नाही.

ऑगस्टमध्ये काय झाले ते तुम्हाला तोंडी सांगून झाले आहे, आता ते छापून सांगतो. आईला पुण्यातल्या डॉक्टरांना दाखवून आम्ही साताऱ्याला परतत होतो. पाऊस होता. खंबाटकीची चढण अर्धी झाली आणि वळणावरच गाडीने दम सोडला. मागे मालाने भरलेला ट्रक होता. भर पावसात, घाटात, भरलेला ट्रक जागेवर थांबवणे काय असते हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही विचारा. त्या ड्रायव्हरने गाडी आवरली, खाली उतरून मागची वाहतूक हाताने थोपवली आणि आम्हाला कडेला घेतले. आईने एक शब्द काढला नाही. पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ती बसून होती. ही गाडी मी तिच्यासाठी घेतली होती. त्यानंतर ती या गाडीत बसलेली नाही, एसटीने जाते.

दुसऱ्याच दिवशी गाडी तुमच्याकडे आली, आणि चार दिवसांनी जॉबकार्डवर काय लिहून मिळाले? ‘टेस्ट ड्राइव्ह घेतली. तक्रार आढळली नाही.’

माझा खरा आक्षेप या तीन शब्दांवर आहे. यंत्र बिघडते, नवेही बिघडते, हे मला समजते. पण सहा जॉबकार्डांपैकी चारांवर माझी तक्रार माझ्या शब्दांत नाहीच. पहिल्यावर ‘जनरल चेकअप’ आहे, तिसऱ्यावर ‘वॉशिंग व चेकिंग’. मी काउंटरवर उभा राहून घाट, दिवा, वेग सगळे सांगत होतो आणि तुमचा सर्व्हिस अॅडव्हायझर ‘चेकिंग’ टाइप करत होता. उद्या वॉरंटी संपल्यावर तुम्ही हेच कागद पुढे कराल आणि म्हणाल, या ग्राहकाने बिघाडाची तक्रार कधी केलीच नव्हती.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. चेक इंजिनचा दिवा लागतो तेव्हा गाडीचा संगणक बिघाडाचा कोड साठवतो आणि त्या क्षणाची नोंदही ठेवतो: वेग किती होता, इंजिनचे फेरे किती, तापमान किती. वर्कशॉपमध्ये तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. स्कॅनर लावून कोड क्लिअर केला की दिवा जातो आणि ही नोंदही जाते. खंबाटकीतल्या त्या वळणाचा जो एकमेव साक्षीदार गाडीतच होता, तो तुम्ही पुसून टाकला, त्याची प्रिंट मला दिली नाही आणि वर तक्रार आढळली नाही असे लिहिले. हे मला तुमच्याच वर्कशॉपमधल्या एका मेकॅनिकने हळूच सांगितले. त्या मुलाच्या नोकरीला धक्का लागला तर तोही मुद्दा मी आयोगापुढे मांडेन. हाताला तेल लागलेल्या माणसांशी माझे भांडण नाही.

आता मागण्या. गाडी तुमचा माणूस साताऱ्याहून घेऊन जाईल, आणि तेवढे दिवस मला दुसरी गाडी मिळेल. जॉबकार्डवर तक्रार मी सांगेन त्याच शब्दांत लिहिली जाईल, मराठीत लिहा. कोड पुसण्याआधी त्याची आणि फ्रीझ फ्रेमची प्रिंट माझ्या हाती येईल. कंपनीचा इंजिनिअर मला शेजारी बसवून खंबाटकी चढेल. शोरूममागच्या सपाट रस्त्यावरची दोन किलोमीटरची फेरी मी टेस्ट ड्राइव्ह म्हणून मान्य करणार नाही. कोणता भाग सदोष होता, कोणता बदलला, हे सही-शिक्क्यानिशी लेखी मिळेल. एवढे करूनही बिघाड परत आला, तर गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा.

नवी गाडी द्या ही मागणी मी पहिली का ठेवली नाही, तेही सांगतो. भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची वॉरंटी म्हणजे आख्खी गाडी बदलण्याचे वचन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितले आहे. ते मी वाचले आहे. दुरुस्तीची पूर्ण संधी तुम्हाला दिली होती, हे माझ्याकडून कागदावर राहावे अशी माझी इच्छा आहे.

‘हा कंपनीचा विषय आहे’ हे उत्तरही आता चालणार नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ मध्ये २००९ सालची, आधीच वापरलेली गाडी नवी म्हणून विकली गेली होती. त्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, विक्रेत्याने केलेली लबाडी कंपनीला माहीत होती हे सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. म्हणजे जॉबकार्डवरच्या नोंदींचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल, इंजिनचे कंपनीला. मी दोघांनाही पक्षकार करणार आहे.

गाडी पुण्यात घेतली म्हणून मला पुण्याच्या खेपा घालाव्या लागतील, या भ्रमात राहू नका. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ती ऐकतो. माझ्या गाडीच्या किमतीला फी ४०० रुपये आहे आणि वकील लावायलाच हवा असे नाही. नोटीस मिळाल्यावर लेखी उत्तराला तुम्हाला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एकही दिवस नाही, हे घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग योग्य त्या प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो. दोष दूर करा, वस्तू बदला किंवा पैसे परत करा, असा आदेश तो देऊ शकतो, आणि आदेश मोडणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

ज्यांच्या घरी नवी गाडी आली आहे त्यांनाही विनंती आहे. जॉबकार्डवर सही करण्याआधी ते वाचा. तुमची तक्रार त्यात नसेल तर स्वतःच्या पेनाने लिहा, मगच सही करा आणि तिथेच फोटो काढून ठेवा. दिवा लागला की गाडी सुरक्षित जागी थांबवून मीटरचाही फोटो घ्या. तक्रारीला कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे. ‘पुढच्या आठवड्यात पार्ट येतोय’ हे ऐकण्यात ती संपू देऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि शोरूमच्या मालकांना शेवटचे. आज १५ नोव्हेंबर. सहाही जॉबकार्डांच्या प्रती, मीटरचे फोटो आणि तुमच्या मॅनेजरचे मेसेज यांची फाइल तयार आहे. रविवारी, ३० नोव्हेंबरला, संध्याकाळी सहापर्यंत तुमचे लेखी उत्तर आले नाही, तर सोमवारी १ डिसेंबरला तक्रार साताऱ्यात दाखल होईल.