सांधे दिसू द्या

१९६६ साली एड रुशे या अमेरिकी चित्रकाराने मोटरवर चालणारा कॅमेरा पिकअप ट्रकवर बसवून लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपची दोन्ही बाजूंची प्रत्येक इमारत टिपली. फोटो शेजारी शेजारी चिकटवून त्याने घडीचं पुस्तक काढलं. उलगडलं की ते सुमारे २५ फूट भरतं. त्यात जोडांपाशी काही मोटारी अर्ध्यातच कापल्या गेल्या आहेत, आणि रुशेने त्या तशाच राहू दिल्या.

फोटो जोडताना अशी तुटफूट कॅमेरा सरकला की होते. जागच्या जागी फोन फिरवून घेतलेला पॅनोरमा बहुधा नीट जुळतो, कारण कॅमेऱ्याची जागा जवळपास तीच राहते. दोन पावलं सरकलं की गणित बिघडतं. अलीकडचा विजेचा खांब मागच्या भिंतीपुढून सरकतो. भिंत जुळवावी तर खांब दोनदा उमटतो, खांब जुळवावा तर भिंत तुटते.

२००६ मध्ये संगणक-संशोधक असीम अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सुरेख तोड काढली. रस्त्याकडेने चालत पावलापावलाला फोटो घ्यायचे, इमारतींचे दर्शनी भाग एकाच प्रतलात धरायचे आणि दोन फोटोंमधली शिवण कुठून न्यायची ते संगणकाला शोधू द्यायचं. चित्र सलग येतं, पण तो रस्ता तसा कुठल्याही एका जागेवरून दिसत नाही. शिवणीवर उभा असलेला माणूस त्यातून गायबही होऊ शकतो.

म्हणूनच जुन्या पेठांच्या नोंदीसाठी किंवा बातमीत असं चित्र वापरताना ते जोडलेलं आहे हे खाली छापायलाच हवं, आणि मूळ सुटे फोटोही जपायला हवेत.