थळ घाटाचा अभियंता

१६ एप्रिल हा दिवस मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. १८५३ साली त्या दिवशी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास गेली, आणि तिला जोडलेल्या तीन इंजिनांची नावेदेखील आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. २५ ऑगस्टची आठवण मात्र या शहरात कोणी काढीत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे पहिले मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले हे १८६२ साली त्या दिवशी इंग्लंडमध्ये सिडनहॅम येथे वारले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४२ वर्षांचे होते. बोरघाटातून गाडी धावावयास अजून आठ महिन्यांचा अवकाश होता आणि थळ घाटातून धावावयास दोन वर्षांहून अधिक. दोन्ही घाटांची आखणी त्यांच्या देखरेखीखाली झाली होती. त्यांपैकी एकाही घाटातून गाडीत बसून जाण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कचेरीत तयार झालेला हा तिशीतला तरुण १८५० च्या प्रारंभी मुंबईस आला. पुढील अकरा वर्षांत त्यांनी या भूमीवर जे काम केले त्याचा उत्तम नमुना पाहावयाचा असेल तर शहापूर तालुक्यातील कसाऱ्याला जावे. १८५५ मध्ये लोहमार्ग वाशिंदपर्यंत आला, १८६० मध्ये आसनगावास आणि १८६१ च्या आरंभी कसाऱ्यास पोहोचला. त्यापुढे सह्याद्रीची भिंतच उभी होती. सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढावयाचे, काही ठिकाणी सदतीस फुटांच्या चालीला एक फूट इतका चढ, तेरा बोगदे, आणि एहेगावच्या दरीवर १८२ फूट उंचीचा पूल. पावसाळ्यात काम जवळजवळ ठप्प व्हावयाचे. यंत्रे म्हणावीत तर नावापुरतीच. पहार, सुरुंगाची दारू, पाटी आणि माणसाचे हात एवढ्यावरच सारी भिस्त होती. आजही कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडल्याशिवाय बहुतेक गाड्या इगतपुरीकडे चढत नाहीत. दीडशे वर्षांत इंजिने वाफेची विजेची झाली, परंतु चढ तोच राहिला.

बर्कले यांच्याविषयी लोकांना इतका लोभ का वाटावा? हा गृहस्थ आपली विद्या कुलुपात ठेवणारा नव्हता, हे आम्हांस त्याचे एक मोठे कारण दिसते. दोन्ही घाटांच्या कामासंबंधी त्यांनी मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनपुढे निबंध वाचले. टांकसाळ व गोदीतील कारागिरांनी काढलेली ही संस्था. आज काळा घोड्याजवळ उभे असलेले डेव्हिड ससून ग्रंथालय तिचाच वारसा सांगते. विलायतेतील पंडितांना जे सांगावयाचे तेच येथील कारागिरांनाही सांगावे, ही वृत्ती त्या काळच्या साहेबलोकांत सार्वत्रिक होती असे कोणी म्हणणार नाही. मोठी कामे करण्याची पात्रता एतद्देशीयांतही आहे, हे जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने याच रेल्वेवर सिद्ध करून दाखविले. पुढे मुंबई विद्यापीठात स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी बर्कले यांच्या नावाचे सुवर्णपदक ठेवण्यात आले. अकाली गेलेल्या अभियंत्याचे याहून उचित स्मारक आम्हांस सुचत नाही.

हे लिहीत असता परकीय राज्याचे स्तोत्र गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ही रेल्वे खाजगी कंपनीची होती, तरी तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली होती, आणि तूट आली की ती येथील रयतेच्या करातून भरून निघत असे. शिवाय बर्कले यांचे नाव निदान एका पदकावर तरी राहिले. घाटात पटकीने आणि तापाने, सुरुंगाने आणि कडा कोसळून जे मेले त्यांचे काय? १८५९ साली थकलेल्या मजुरीवरून बोरघाटात मजुरांनी दंगा केला, तेव्हा कोठे त्यांची दखल कागदोपत्री घेतली गेली. त्याच वर्षी त्या घाटाचे कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल येथे पाऊल ठेवल्यापासून थोड्याच दिवसांत मरण पावले व त्यांच्या पत्नीने काम पुढे चालविले, ही हकीकत ग्रंथांतून आढळते. पाटी वाहणाऱ्या बाईची हकीकत कोणी लिहिली नाही. जनतेने मात्र आपल्या परीने न्याय केला आहे. साहेबाला घाटाची वाट दाखविणारा धनगर म्हणून ज्याची दंतकथा सांगतात त्या शिंग्रोबाचे देऊळ खोपोलीच्या घाटात आहे, आणि मोटारवाले तेथे नाणे टाकल्यावाचून सहसा पुढे जात नाहीत.

आता याच कथेची दुसरी बाजू. लोहमार्गाच्या आरंभीच्या योजनेत गाडी शहापूरवरून जावयाचीच नव्हती. कल्याणहून मुरबाड तालुक्यातून माळशेज घाट चढावयाचा आणि वर गेल्यावर मार्गास दोन फाटे फोडावयाचे, असा बेत होता. कल्पना निराधार नव्हती. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि जुन्नर यांमधील व्यापार मुरबाडलगतच्या नाणेघाटातूनच चाले. घाटमाथ्यावर नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण त्याची साक्ष देत अजून उभे आहेत. परंतु माळशेजचा कडा गाडीला मानवणारा नव्हता. बर्कले यांनी पाहणीअंती तो नाद सोडला आणि खानदेश-नागपूरकडे थळ घाटातून, पुण्या-सोलापूरकडे बोरघाटातून, असे दोन स्वतंत्र मार्ग स्वीकारले. अभियंत्याच्या दृष्टीने निर्णय बिनचूक होता. पण त्या एका निर्णयाने दोन शेजारी तालुक्यांचे दैव वेगळे झाले, हेही तितकेच खरे. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा येथला माणूस लोकलने मुंबईच्या कचेरीत येतो. ज्याच्या वाटेने एके काळी सार्थवाह जात त्या मुरबाडला अद्याप आगगाडी पोहोचलेली नाही.

तेव्हाच्या हत्यारांनी जे अशक्य होते ते आज अशक्य आहे काय? याच शहापूर-इगतपुरीच्या डोंगरातून समृद्धी महामार्गासाठी पावणेआठ किलोमीटरचे जुळे बोगदे खोदले गेले आणि जून २०२५ मध्ये ते वाहतुकीस खुलेही झाले. शिवाय कल्याण ते मुरबाड हा तर सपाटीचा प्रदेश. तेथे सह्याद्री आडवा येत नाही, आडवे येतात ते कागद. कल्याण-मुरबाड लोहमार्गाच्या घोषणा आम्ही इतक्या वेळा छापल्या आहेत की नवी घोषणा छापताना हात अडखळतो. माळशेज चढून नगरपर्यंत जाण्याचा प्रश्न अवघड आहे हे आम्ही मान्य करतो; मुरबाडपर्यंतचा प्रश्न अवघड आहे हे मान्य करण्यास मात्र आम्ही तयार नाही. केंद्र व राज्य सरकारांनी खर्चाचा आपापला वाटा आणि काम संपविण्याची तारीख एकदा जाहीर करावी.

दुसरी मागणी अगदी अल्प खर्चाची आहे. मध्य रेल्वेने कसारा स्थानकात एक शिळा बसवावी. तिच्यावर बर्कले यांचे नाव, जन्ममृत्यूची वर्षे आणि घाट खुला झाल्याचे वर्ष, १८६५, कोरावे. आणि त्याच अक्षरांत, त्याच आकारात, घाटात मेलेल्या मजुरांचा उल्लेख करावा. मजकूर मराठीत असावा. जादा इंजिने जोडली जाईपर्यंत गाडी तेथे थांबते, आणि तेवढ्या अवधीत फलाटावर उतरलेल्या प्रवाशास तो सहज वाचता येईल.