घरच्या शेडसाठी पहिली लेथ

आपल्या वस्त्यांतून हल्ली एक बेत वारंवार कानावर येतो. वडील कंपनीतून निवृत्त झालेले, किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी बसविलेले. फंडाचे थोडे पैसे बँकेत. मुलगा आयटीआयचा टर्नर. दोन वर्षांचा कोर्स करून कुठेतरी कंत्राटावर बारा-बारा तास उभा. घरामागे पत्र्याची खोली रिकामी. मग एका रविवारी जेवताना विषय निघतो, "आपलीच एक लेथ टाकू या."

विचार चांगला आहे. पण विचार निघाल्यापासून मशीन दारात उतरेपर्यंत जे काही ठरते ते बहुधा घाईत, दलालाच्या सांगण्यावरून आणि मशीनचा रंग पाहून ठरते. पैसा मात्र वीस-पंचवीस वर्षांच्या घामाचा असतो. म्हणून आजचा लेख या एकाच खरेदीवर आहे. मी स्वतः टर्नर नाही, कारखान्यात जॉबकार्डे लिहिणारा कारकून आहे. परंतु वीस वर्षे टर्नर मंडळींच्या शेजारी बसून कोणती मशीन घर चालविते आणि कोणती घरातले खाते, हे कागदावर पाहत आलो आहे.

पहिला प्रश्न मशीनचा नाहीच, कामाचा आहे. काम कोण देणार आणि कोणते देणार? पंपाचे शाफ्ट, पिठाच्या गिरणीचे बुश, शेतीच्या अवजारांच्या पिना, पुल्या, की एखाद्या कारखान्याचे शंभर-शंभर नगांचे जॉबवर्क? निदान तीन गिऱ्हाइकांना आधी प्रत्यक्ष भेटावे, त्यांच्या जॉबची लांबी-जाडी वहीत मांडावी आणि मगच मशीन पाहायला निघावे. बाजारात लेथ फुटांवर सांगतात, "साडेचार फुटी", "सहा फुटी". ही लांबी बेडची असते. बेडच्या एका टोकाला हेडस्टॉक आणि दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक बसल्यावर साडेचार फुटी मशीनवर दोन सेंटरमध्ये सुमारे सव्वादोन फुटांचाच जॉब मावतो. तसेच सेंटरची उंची सहा इंच असेल तर बेडवर फिरू शकणारा जास्तीत जास्त व्यास बारा इंच, आणि सॅडलवर त्याहून बराच कमी. स्पिंडलचे भोक किती, हेही विचारावे. लांब बार त्यातून आरपार जात नसेल तर प्रत्येक नगासाठी आधी बार कापत बसावे लागते.

आता छोट्या चिनी टेबल-लेथही मिळतात. चाळीसेक किलो वजन, घरच्या विजेवर चालणारी, दिसायला देखणी. शिकायला, छंदाला, पितळेच्या बारीक कामाला ती ठीक. पण पोटापाण्याच्या जॉबवर्कला ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. लेथची ताकद तिच्या वजनात असते. हलकी मशीन थरथरते, खोल काप घेता येत नाही, आणि जो नग मोठ्या मशीनवर दोन पासमध्ये होतो त्याला इथे आठ-दहा पास लागतात. गिऱ्हाईक पैसे नगाचे देते, पासचे नाही.

मग राहतात दोन वाटा, राजकोट, बटाला किंवा लुधियानाची नवी हलकी लेथ, किंवा कारखान्यातून निघालेली जुनी भारी मशीन. नव्या मशीनचे पार्ट सहज मिळतात आणि पक्के बिल मिळते, त्यामुळे कर्जप्रकरण सोपे जाते. जुन्यांमध्ये एचएमटीचे नाव मोठे; हा सरकारी कारखाना १९५३ साली बंगळूरला उभा राहिला. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथही तशाच दणकट. ती कंपनी पुढे बंद पडली, पण तिच्या मशिनी अजून शेडमध्ये चालताना दिसतात. चांगल्या स्थितीतली जुनी मशीन मिळाली तर मी तिच्याच बाजूने कौल देईन. मात्र "चांगल्या स्थितीतली" हे शब्द दलालाच्या तोंडचे नकोत. ते आपण तपासून म्हणायचे.

तपासायला जाताना अनुभवी टर्नरला चहा पाजून बरोबर न्यावे. डायल गेज, मायक्रोमीटर आणि दीड इंची माइल्ड स्टीलचा एक फूटभर बार पिशवीत असावा. ताजा रंग पाहिला की सावध व्हावे, कारण रंग बेडची झीज झाकत नसला तरी पाहणाऱ्याचे डोळे झाकतो. लेथचा बेड चकजवळ सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होते. ते ओळखण्याची एक साधी रीत आहे. सॅडल चकजवळ आणून त्याचे लॉक जेमतेम सरकेल इतके आवळावे आणि हाताने टेलस्टॉककडे न्यावे. वाटेत सॅडल अडकू लागले तर समजावे की चकजवळचा बेड खाली गेला आहे. तिथे बेडच्या कडेवरून नख फिरविले तर पायरीही लागते.

नंतर स्पिंडल. चकखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचलावे आणि वर डायल गेज धरावा. काटा ठळक हलला तर बेअरिंगमध्ये ढिलाई आहे. मशीन सर्व स्पीडवर निदान पंधरा मिनिटे चालवून हेडस्टॉकला हात लावून पाहावे. गिअरचा आवाज एकसारखा असेल तर ठीक, ठराविक वेळाने टक-टक येत असेल तर दात तुटलेला असू शकतो.

आणि शेवटी कापून पाहणे. यावाचून एक रुपयाही देऊ नये. बार चकमध्ये सहा इंच बाहेर ठेवून, टेलस्टॉकचा आधार न देता, अगदी हलका काप घ्यावा. मग चकजवळ, मध्यभागी आणि टोकाला अशा तीन ठिकाणी मायक्रोमीटरने मोजावे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे एक-दोन फरक चालतील. पाच-सहा निघाले तर लगेच सौदा मोडू नये. बऱ्याचदा मशीन लेव्हलला नसते, बेडला पीळ बसलेला असतो, आणि तो लेव्हल करून निघतो. मधल्या भागाचे माप दोन्ही टोकांशी जुळत नसेल तर मात्र ती झीज आहे, आणि झिजलेल्या बेडला ग्राइंडिंगचा खर्च लागतो. क्रॉस स्लाइडचे हँडल पाव फेरा मोकळे फिरते म्हणून घाबरू नये. तो नट झिजलेला असतो आणि नट बदलता येतो. पट्टा, मोटर, नट, बेअरिंग यांवर किंमत पाडून घ्यावी. बेड आणि स्पिंडल खराब असेल तर फुकटही नको.

आट्यांचे विसरू नये. जुन्या मशिनींचा लीड स्क्रू बहुधा इंचाचा असतो, आणि आज गिऱ्हाईक मिलिमीटरचे आटे मागते. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. म्हणून इंची लीड स्क्रूवर अचूक मेट्रिक आटे काढायला १२७ दातांचा गिअर लागतो. चेंज गिअरच्या पेटीत तो आहे का ते मोजून पाहावे. पेटीच हरवली असेल तर तो खर्च सौद्यात धरावा.

विजेकडे येऊ. कारखान्यातल्या मशीनची मोटर थ्री-फेज असते आणि आपल्या घरी सिंगल फेज. व्हीएफडी नावाचे यंत्र लावून लहान थ्री-फेज मोटर सिंगल फेजवर चालविता येते, पण मोटरच्या पाटीवर २३० व्होल्टची डेल्टा जोडणी आहे का, ते परवानाधारक वायरमनकडून पाहून घ्यावे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घरगुती मीटरवर जॉबवर्क करणे हा विजेचा अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. अर्ज करून रीतसर कनेक्शन घ्यावे. शेजाऱ्याशी एखाद दिवशी भांडण झाले तर पहिली तक्रार याचीच जाते.

आता माझ्या विषयाकडे, हिशेबाकडे. समजा हाती दीड लाख आहेत. मशीन नव्वद हजारांच्या वर जाऊ नये. ट्रू चक मशीनबरोबर मिळाला तरी वेड्यावाकड्या जॉबला डॉग चक लागतोच. शिवाय ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, टूल, टूल घासायचा ग्राइंडर, मायक्रोमीटर, व्हर्निअर, वाहतूक, क्रेन, काँक्रीटचा पाया आणि वायरिंग. मशीन आहे पण चक नाही म्हणून महिनाभर बंद पडलेली शेड मी पाहिली आहे.

कर्ज काढणार असाल तर हप्ता रुपयांत न मोजता तासांत मोजा. समजा हप्ता दहा हजार आणि तासाला दीडशे मिळतात. म्हणजे महिन्याचे सदुसष्ट तास, सव्वीस दिवसांत रोज अडीच तासांहून जास्त, नुसते बँकेसाठी. वीज, टूल आणि घरखर्च त्यानंतर. एवढे काम त्या तीन गिऱ्हाइकांकडून येते का? २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते. पन्नास हजारांपर्यंतचे 'शिशु', त्यापुढे पाच लाखांपर्यंतचे 'किशोर'. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन चालू योजना विचाराव्यात, मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. आणि वडिलांचा सगळा फंड मशीनमध्ये घालू नये. आईच्या औषधाचे आणि धाकटीच्या फीचे पैसे बाजूला काढून उरेल तेवढीच लेथ.

मशीन घरात येणार, म्हणून माताभगिनींनाही सांगणे आहे. लेथ तळमजल्यावर, काँक्रीटवरच. चाळीच्या वरच्या मजल्यावर पाचशे किलोची फिरती मशीन चढवू नये. शेडला दार आणि कडी असावी, मेन स्विच मुलांच्या हाताबाहेर. चालू मशीनजवळ पदर, ओढणी, सैल बाही, बांगड्या, मोकळे केस नकोत. हातमोजेसुद्धा घालू नयेत. चक मोजा ओढतो आणि मोज्याबरोबर हात. गुंडाळत येणारी चिप हाताने न काढता आकड्याने काढावी. चकची चावी चकमध्ये विसरून स्विच दाबला तर ती गोळीसारखी सुटते. चहा द्यायला गेलात तर आधी मशीन बंद करायला सांगा, मग कप पुढे करा.

बऱ्याच वाचकांनी टूल कसे घासावे हेही विचारले आहे. त्याविषयी पुढील अंकी.