शस्त्रक्रियेनंतरचा दमा

यकृतरोपण झालेले मूल रुग्णालयातून घरी गेले की समाजाच्या लेखी ते प्रकरण मिटते. निधी जमला, देणगीदारांची नावे छापून आली, आईच्या यकृताचा तुकडा बाळाच्या पोटात रुजला; आणखी काय हवे? परंतु ते मूल भिवंडीसारख्या गावी परतणार असेल, तर खरी परीक्षा पुढेच असते.

भारतात लहान मुलाचे पहिले यशस्वी यकृतरोपण १९९८ साली दिल्लीत झाले. रोपित अवयव शरीराने परका मानून नाकारू नये म्हणून अशा मुलांना बहुधा टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध देतात. प्रतिकारशक्ती दडपली म्हणजे ॲलर्जीही दडपेल, हे अनुमान मात्र खोटे ठरले. अगदी लहान वयात यकृतरोपण झालेल्या काही मुलांना दूध, अंडी, शेंगदाणे यांचे नव्यानेच वावडे जडते. काहींना दमाही होतो. मूत्रपिंडरोपण झालेली मुले हेच औषध घेतात, पण त्यांच्यात हा प्रकार कमी आढळतो. तेव्हा सारा दोष औषधाच्या माथी मारता येत नाही.

यावर उपचार आहेत. बाधणारा पदार्थ वर्ज्य करणे, दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप स्पेसर लावून नियमित देणे, तीव्र झटका आल्यास ॲड्रेनालिनचे इंजेक्शन मांडीत तत्काळ टोचणे. तेवढ्याने न भागल्यास तज्ज्ञ टॅक्रोलिमसची मात्रा उतरवतात किंवा त्याऐवजी सायक्लोस्पोरिन योजतात. हे रक्तातील औषधाचे प्रमाण मोजीतच करावे लागते. मात्रा फार उतरली तर रोपलेला अवयवच हातचा जातो.

भिवंडीत यंत्रमागांचे कारखाने आणि कामगारांच्या खोल्या भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत. कापसाचे तंतू हवेत, सायझिंगच्या बॉयलरचा धूर खिडकीत. ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीने पंप मध्येच बंद होतो, खोकला बळावतो आणि बाप मुलाला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेतो. तो सद्हेतूने क्लॅरिथ्रोमायसिन लिहून देतो. त्याने रक्तातील टॅक्रोलिमस चढते व मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. क्षयावरील रिफॅम्पिसिनने ते उलट उतरते. यात त्या डॉक्टरला बोल लावण्यात अर्थ नाही. मुलाची औषधे त्याला कोणी कळवलेलीच नसतात.

माग विकत घेऊन तेलपाण्याला पैसा न ठेवणारा मालक बुडतो, हे भिवंडीत कोणास शिकवावे लागत नाही. आरोग्याच्या अर्थकारणात मात्र नेमके हेच घडते. २०२३ साली राज्य शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील मूत्रपिंडरोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये केली, हे स्तुत्यच होय. पण दरमहाचा पंप, रक्ततपासणी आणि मुंबईच्या खेपा यांचे काय? यंत्रमाग कामगाराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते. ज्या दिवशी तो मुलाला घेऊन मुंबईस जातो त्या दिवशीची कमाई शून्य.

तेव्हा निधीची गरज शस्त्रक्रियेइतकीच तिच्यानंतरच्या वर्षांना आहे. भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात पंप, स्पेसर व ॲड्रेनालिन यांचा साठा कधी खंडित होऊ नये. रक्ताचा नमुना तेथेच घेऊन मुंबईस धाडावा. आणि अशा प्रत्येक मुलाजवळ वर्ज्य औषधांचे व वर्ज्य पदार्थांचे एक कार्ड असावे, मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगूतही. त्या कार्डाच्या छपाईस शासनाला कितीसा खर्च येणार?