पन्हाळ्याची थंडी आणि बंद न्हाणीघरे

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी इतिहासाशी निगडित अशा बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत पन्हाळा आहे. सुमारे ३,२०० फूट उंचीवरील या गडावर नगरपरिषद आहे, संसार आहेत आणि पाहुण्यांना उतरवून घेणारी लहानमोठी निवासस्थानेही आहेत. पाहुणे वाढले की गरम पाण्याची मागणी वाढणारच. आणि घटकाभरात कढत पाणी देणारा गॅसचा गीझर हा ती भागविण्याचा सर्वांत सोपा उपाय. या सोपेपणातच मोठा धोका दडलेला आहे, आणि त्याची चर्चा एखादी दुर्घटना घडण्यापूर्वी व्हावयास हवी.

गॅस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे स्फोट उभा राहतो. सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. गळती झाली तर नाक सावध करते. परंतु अपुऱ्या हवेत गॅस जळू लागला की निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना गंध. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. डोके जड होते, भोवळ येते, आणि कडी काढण्याचे त्राण उरत नाही.

हिशेब साधा आहे. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात जेमतेम साडेपाच घनमीटर हवा मावते. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे बारा घनमीटर हवा लागते. ताशी जवळपास एक किलो गॅस जाळणारा गीझर अर्धा तास चालला, म्हणजे लागोपाठ तिघांची आंघोळ झाली, की त्या खोलीतील सारी हवा त्याला अपुरी पडते. ज्योत तर त्याच्या बऱ्याच आधी बिघडू लागते. त्यातच थंडी म्हणून खिडकी लावून घेतलेली!

डोंगरावरच्या निवासस्थानी काय होऊ शकते, हे जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे दिसले. केरळहून गेलेले आठ पर्यटक, त्यांत चार मुले, बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले. ते उठलेच नाहीत. युरोप-अमेरिकेत घरात गॅसची शेगडी बसवितात, तेव्हा ज्वाळा काचेआड बंदिस्त ठेवून एका नळीने बाहेरची हवा आत घेण्याची आणि दुसरीने धूर बाहेर सोडण्याची पद्धत आता रूढ आहे. खोलीतील माणसाचा श्वास आणि शेगडीचा श्वास वेगळा ठेवावा, हे त्यामागील तत्त्व.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. भारतीय मानक ब्यूरोचे छोट्या गॅस-गीझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर जबाबदारी टाकली असून, अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, देणे आवश्यक केले आहे. पण मानकाचा शिक्का यंत्राची ग्वाही देतो, न्हाणीघराची नव्हे. आणि अग्निशमनाची नळकांडी मोजणारा तपासनीस झरोका मोजतोच असे नाही. विषारी वायू या दोहोंच्या मधल्या फटीतून आत शिरतो.

पन्हाळ्यापुरती आणखी एक अडचण आहे. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरांत नव्या बांधकामास मनाई आहे, दुरुस्तीसही अनुमती लागते. त्यामुळे भिंतीला भोक पाडण्यापेक्षा गीझर तसाच टांगणे घरमालकास सोयीचे वाटले, तर सारा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. वीतभर झरोक्यासाठी कागदपत्रांची वारी करावी लागू नये.

नगरपरिषदेने पुरातत्त्व खात्याशी बोलून अशा झरोक्यांना सरसकट अनुमती मिळवावी आणि मगच निवासस्थानांची तपासणी हाती घ्यावी. तपासावयाचे ते फार नाही: गीझर व सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत आहेत काय, जेथे गीझर आतच ठेवणे भाग आहे, तेथे धुराची नळी थेट बाहेर जाते काय, आणि न मिटणारे दोन झरोके, ताज्या हवेसाठी खाली व धुरासाठी वर, आहेत काय. सहलीचा हंगाम दिवाळीपासून चढतो; हे काम पावसाळ्याच्या अखेरीस सुरू झाले तरच वेळेवर होईल. तोवर शाळेची सहल घेऊन गडावर जाणाऱ्या शिक्षकांनी खोल्या ताब्यात घेताना न्हाणीघराचे दार उघडून वर एकदा पाहून घ्यावे.